टायर आणि आतलं ट्रिम : कशाने धुवायचं आणि वर काय लावायचं?

दूरचा_प्रवासी
मंडळी, गाडी साडेचार वर्षांची झालीये, बराच वेळ उघड्यावरच उभी असते. इंजिन, ब्रेक वगैरे ठणठणीत आहे पण दिसायला थकल्यासारखी वाटायला लागलीये. टायरच्या बाजू तपकिरी पडल्यात, धुतल्या की दोन दिवस बऱ्या दिसतात आणि परत तेच. आतमध्ये डॅशबोर्डवर पांढरट छटा आलीये, आणि ड्रायव्हरच्या दाराचं हँडल आहे ना त्याच्या आतल्या बाजूला बोट लागलं की चिकट लागतं.

मागच्या महिन्यात बाहेर धुवायला दिली होती. त्यांनी टायरला काहीतरी चोपडून दिलं, एकदम काळेभोर, ओले असल्यासारखे. घरी येऊन बघतो तर चाकाच्या मागे पांढऱ्या पेंटवर काळपट तेलकट ठिपक्यांची अख्खी रांग, खालून वर दाराच्या कडेपर्यंत गेलेली. आणि आठवड्यात टायर आधीपेक्षा जास्त तपकिरी! आत पण तोच प्रकार, डॅशबोर्डला असं काही मारलं की दुपारी उन्हात गाडी चालवताना पुढच्या काचेत अख्खा डॅशबोर्ड दिसत होता, समोरचा रस्ता त्याच्या आडून बघायचा.

आता सगळं स्वतःच करायचं ठरवलंय. पण बाटल्यांची नावं वाचून डोकं चक्रावतं. टायर क्लीनर, टायर ड्रेसिंग, टायर शाइन, प्रोटेक्टंट, कंडिशनर, ट्रिम रिस्टोरर... यातलं खरंच काय लागतं? मला चमक नको, गाडी नवीन होती तेव्हा जशी दिसायची तशी हवी, आणि रबर-प्लास्टिक जास्त टिकायला हवं.

पानापक्कड
प्रवासी, ठिपक्यांचं कारण सांगतो आधी. टायरला जाड थर दिला आणि सुकू न देता गाडी हलवली की चाक फिरताना तो माल उडतो आणि मागच्या पेंटवर बसतो. मालात दोष असेलच असं नाही, लावणाऱ्याने घाई केली.

पण खरी चूक त्याच्या आधीची आहे. न धुतलेल्या टायरवर लावलं. टायर पाण्याने धुतला म्हणजे स्वच्छ झाला असं नाही, त्यावर जुन्या पॉलिशचा थर, ब्रेकची धूळ, रस्त्याचं डांबर सगळं बसलेलं असतं. नवा माल त्या मळावर बसतो, रबरावर बसतच नाही, मग टिकणार कसा.

माझी पद्धत अशी. टायर थंड पाहिजे, सावलीत. एकेक चाक घ्यायचं, चारही चाकांवर एकदम मारून ठेवायचं नाही कारण सुकलं की डाग पडतात. टायर क्लीनर नाहीतर ऑल पर्पज क्लीनर एकास चार पाण्यात, चांगला फवारा, अर्धा मिनिट थांबायचं आणि कडक ब्रशने घासायचं. पहिल्या वेळेला जो फेस येतो तो बघा, गंजाच्या पाण्यासारखा तपकिरी. धुवून टाका, परत मारा. दुसऱ्या वेळी मातकट. तिसऱ्या-चौथ्या वेळी फेस पांढरा राहिला की समजायचं टायर स्वच्छ झाला. तुमच्या टायरवर जुना थर असल्यामुळे पहिल्यांदा पाच वेळा पण करावं लागेल, कंटाळा करू नका. नंतर दर वेळी एकदा-दोनदा पुरतं.

आणि रिमसाठी वेगळा ब्रश, वेगळी बादली. टायरच्या ब्रशमध्ये अडकलेली वाळू रिमला ओरखडे पाडते. रिमचं ॲसिडवालं क्लीनर टायरसाठी वापरू नका.

काजळी
मी रबर कंपाउंडिंगच्या (रबरात वेगवेगळी रसायनं मिसळण्याच्या) कामात बरीच वर्षं आहे म्हणून तपकिरी रंगाबद्दल थोडं लिहिते, कारण यावर खूप गैरसमज आहेत.

तो रंग सगळाच मळाचा नसतो. टायरचं रबर हवेतल्या ओझोनने फाटतं. ओझोन अगदी कमी असला तरी ताणलेल्या रबरावर बारीक भेगा पाडतो. म्हणून टायर बनवतानाच रबरात मेण आणि अँटीओझोनंट नावाची रसायनं मिसळतात, सगळ्यात जास्त वापरलं जातं ते ६पीपीडी. ती हळूहळू आतून वर पृष्ठभागावर येत राहतात, तशी योजनाच असते. वर येऊन ओझोनशी स्वतः झगडतात आणि झगडून झाल्यावर तपकिरी होतात. याला ब्लूमिंग म्हणतात. म्हणजे तपकिरी टायर म्हणजे खराब टायर असं अजिबात नाही, ते रसायन आपलं काम करतंय.

चाक फिरताना रबर दुमडतं-सुटतं, त्यामुळे हा माल वर यायला मदत होते. जी गाडी महिनोन्महिने एका जागी उभी असते तिच्या टायरला भेगा लवकर दिसतात त्याचं हे एक कारण. तेव्हा प्रवासी, टायरसाठी पहिला उपाय गाडी चालवत राहणं हाच आहे आणि हवा बरोबर ठेवणं.

उन्हाचं म्हणाल तर टायर काळा असतो तो त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे एक प्रकारची काजळीच (माझं इथलं नाव तिथूनच आलंय). रबर मुळात फिकट असतं, अगदी सुरुवातीचे टायर पांढरटच असायचे. कार्बन ब्लॅक रबराला ताकद देतं आणि अतिनील किरण स्वतः शोषून घेतं. म्हणजे टायर स्वतःचं संरक्षण सोबत घेऊनच कारखान्यातून निघतो. बाटलीवर कितीही मोठ्या अक्षरात 'यूव्ही प्रोटेक्शन' लिहिलं असलं तरी आपण वरून लावतो त्याचा वाटा छोटा आहे. म्हणून बाटली निवडताना मी 'ही किती संरक्षण देते' हे नंतर बघते, 'ही टायरचं काही बिघडवत तर नाही ना' हे आधी बघते.

रविवारची_गाडी
काजळीताई फार छान समजावलंत, वाखूसा (वाचनखूण साठवली). मग बिघडवतं ते नक्की काय? सगळीकडे लिहिलेलं असतं की सिलिकॉनवालं घेऊ नका, सिलिकॉनने टायर फाटतात. खरं आहे का?

काजळी
अर्धवट खरं. टायर ड्रेसिंगमध्ये (टायर काळा दिसावा म्हणून वरून लावतात तो माल) जे सिलिकॉन असतं ते बहुतेक पॉलिडायमिथाइलसिलॉक्सेन, ते रबराच्या बाबतीत बरंच निरुपद्रवी आहे. प्रश्न ते कशात विरघळवलंय याचा. दोन घराणी आहेत. एक सॉल्व्हंटवालं, पेट्रोलियमपासून निघालेल्या द्रावकात, ते दिसायला पारदर्शक, तेलकट, वास रॉकेलसारखा, चमक भरपूर. दुसरं पाण्यातलं, दुधासारखं पांढरं, वास नसल्यासारखाच, चमक कमी. टायरचं रबर पेट्रोलियम द्रावकाने फुगतं आणि तो द्रावक आतलं मेण आणि अँटीओझोनंट बाहेर ओढतो. जे हळूहळू वर्षानुवर्षं वर यायचं ते एकदम वर. प्रवासींचे टायर आठवड्यात आधीपेक्षा जास्त तपकिरी झाले यात हा भाग असू शकतो.

एकदा लावल्याने टायर फाटणार नाही, उगाच घाबरू नका. पण दर आठवड्याला वर्षभर तेच लावलं तर मी माझ्या टायरला ते होऊ देणार नाही.

आणि डिझेल किंवा रॉकेलने टायर पुसून काळे करायची जी पद्धत आहे ती तर कृपा करून बंद करा. दिसतं छान, कारण रबर ते पितं. हे बघितलं की मला खरंच वाईट वाटतं.

पानापक्कड
+१. सिलिकॉनबद्दल माझी तक्रार वेगळी आहे, पेंटवाल्या माणसाची. गाडीच्या पॅनलवर सिलिकॉनचा फवारा बसलेला असेल आणि पुढे तिथे पेंट करायची वेळ आली तर पेंट तिथून पळतो, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून टायरवर थेट स्प्रे मारूच नका. फोमच्या ॲप्लिकेटरवर घ्या आणि हाताने लावा. माल पण निम्मा लागतो.

लावायची पद्धत : टायर पूर्ण कोरडा, अक्षरांच्या खाचांतलं पाणी पण गेलं पाहिजे. पातळ थर. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग जुन्या फडक्याने एकदा पुसून घ्यायचं, जे जास्तीचं आहे ते फडक्यावर येतं. मगच गाडी हलवायची, जमलं तर रात्रभर उभी ठेवा. एवढं केलं की पेंटवर ठिपका येत नाही.

नक्षीवर चुकूनही नाही. रस्त्याला जो भाग टेकतो तिथे असलं काही लावणं म्हणजे ब्रेक दाबल्यावर घसरायची सोय. ब्रेकच्या डिस्कवर पण उडू द्यायचं नाही.

धुळीचा_रस्ता
मला यात थोडं वेगळं म्हणायचंय. मी गेली तीन वर्षं टायरला काहीही लावत नाही, फक्त क्लीनरने पांढरा फेस येईपर्यंत घासतो, बस. कोरडा झाला की नव्या टायरसारखा मंद काळा दिसतो. धूळ पण कमी चिकटते, कारण वर काही ओलं नाहीच. ज्याला चमक नकोच आहे त्याने ड्रेसिंग घ्यायचंच कशाला?

काजळी
धुळीचा_रस्ता, तुमचं बरोबर आहे आणि त्यात टायरचं काही नुकसान नाही. फक्त फार वेळा आणि फार तीव्र क्लीनरने घासू नका, वर आलेलं मेण आपण दर वेळी धुवून टाकतो. महिन्यातून एकदा नीट, मधे नुसतं पाणी आणि कार शांपू.

पाण्यातलं मॅट ड्रेसिंग लावायचा एक फायदा आहे, पुढची धुलाई सोपी होते, मळ रबराला न चिकटता थरावर बसतो.

अजून एक, टायर धुताना वय बघून घ्या. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, 'DOT' ही अक्षरं लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नये असं मोठे टायर उत्पादक सांगतात. बाजूला भेगा दिसत असतील तर त्या काळ्या मालाने झाकू नका. भेगा झाकून चमकणारा टायर मला भेगा दिसणाऱ्या टायरपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो, कारण मग कोणी बघतच नाही.

सांजवारा
टायरचं छान चाललंय, मी आतल्या भागावर लिहिते, तो माझा जिव्हाळ्याचा विषय.

प्रवासी, काचेत डॅशबोर्ड दिसतो ही नुसती गैरसोय नाही हो, उन्हात समोरचा माणूस दिसायला उशीर होऊ शकतो. डॅशबोर्डचा वरचा भाग कंपन्या मुद्दाम मॅट ठेवतात. तेव्हा आतल्यासाठी बाटली घेताना 'मॅट' किंवा 'नॅचरल फिनिश' लिहिलेलीच घ्यायची, 'हाय ग्लॉस' लिहिलेली नको.

आधी काढून टाकायला हवं ते जुनं चमकदार. ऑल पर्पज क्लीनर एकास दहा, टायरला वापरता त्यापेक्षा बराच पातळ. आधी व्हॅक्यूम आणि मऊ ब्रशने सगळी धूळ, नाहीतर ओलं फडकं धुळीचा चिखल करून खाचांत बसवतं. मग फवारा डॅशबोर्डवर नाही, मायक्रोफायबरच्या फडक्यावर. बटणं, स्पीकरची जाळी, एअरबॅगची फट इथे थेट पाणी जाता कामा नये. एक फडकं पुसायला, दुसरं साध्या पाण्यात पिळलेलं मागोमाग. जुनं सिलिकॉन दोन-तीन वेळा पुसल्यावर जातं. स्वच्छ झाल्याची खूण म्हणजे हात फिरवला की कोरडा खरखरीतपणा लागतो, घसरत नाही.

तुमचं चिकट हँडल मात्र मळामुळे असेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत हँडल-बटणांवर मऊ स्पर्शाचं रबरी कोटिंग असतं, पॉलियुरेथेनचं, ते ओलाव्याने आणि उष्णतेने वर्षांनंतर सुटून चिकट होतं. त्यावर प्रोटेक्टंट लावलं तर अजून चिकट. आधी एकास दहाने पुसून बघा, मळ असेल तर जाईल. नाही गेलं तर कोटिंगच गेलंय, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पूर्ण काढून खालचं साधं प्लास्टिक उघडं करणं हाच मार्ग. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, कारण त्यासोबत छापलेली चिन्हं पण जातात.

रविवारची_गाडी
सांजवाराताई, ते पांढरे मेलामाइनचे स्पंज मिळतात ते आतून चालतात का? डाग पटकन जातात म्हणून घेतलेत.

सांजवारा
नका वापरू, निदान डॅशबोर्डवर आणि चकचकीत काळ्या पॅनलवर तरी. तो स्पंज म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपरच आहे, डाग जातो तो वरचं टेक्श्चर घासून. मॅट प्लास्टिकवर तेवढाच तुकडा चमकायला लागतो आणि तो परत मॅट होत नाही. चकचकीत काळ्या पॅनलवर कोरडं फडकं पण नको, धूळ आधी मऊ ब्रशने उडवा, मग किंचित ओलं मायक्रोफायबर, हलक्या हाताने.

स्क्रीन आणि मीटरच्या काचेवर अमोनियावालं ग्लास क्लीनर नको. मीटरवरची 'काच' ही बहुतेक वेळा ॲक्रिलिकसारखं प्लास्टिक असते, अल्कोहोलनेसुद्धा तिच्यात बारीक तडे येऊ शकतात. साधं पाणी पुरतं.

स्टिअरिंग, गिअरची मूठ, पेडल, यांना कुठलंही प्रोटेक्टंट लावायचं नाही, हात आणि पाय सटकतात. सीटबेल्टला ब्लीच वगैरे तीव्र काही नाही, पट्ट्याचे धागे कमजोर होतात. सौम्य साबण, आणि पट्टा बाहेर ओढून ठेवून पूर्ण वाळवायचा. छताच्या कापडाला पाणी फार नको, आतला गोंद सुटला की ते लोंबतं.

दूरचा_प्रवासी
बापरे, स्टिअरिंगवर पण ते चकचकीत मारलं होतं त्यांनी! आत्ता कळलं वळताना हात का सरकत होता. लेदरचं स्टिअरिंग आहे, आता ते झिजून चमकायला लागलंय असं वाटत होतं. कंडिशनर घेऊ का?

सांजवारा
आधी धुवा. लेदर स्टिअरिंग चमकतं तेव्हा बहुतेक वेळा ती झीज नसते, हाताचं तेल आणि घाम असतो. लेदर क्लीनर किंवा न्यूट्रल पीएचचा सौम्य साबण, मऊ ब्रश, फेस पुसत राहा. माझ्या गाडीचं स्टिअरिंग मी पहिल्यांदा धुतलं तेव्हा पांढऱ्या फडक्यावर राखाडी-काळा पट्टा उमटला, आणि नऊ वाजताच्या जागी जिथे माझा हात असतो तिथे लेदरचे बारीक दाणे परत दिसायला लागले. मला वाटत होतं ते गेले. किती आनंद झाला म्हणून सांगू!

कंडिशनरचं म्हणाल तर हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंग आणि त्यावर पॉलियुरेथेनचा थर असतो, त्यातून कंडिशनर आत फारसं जातच नाही. सीटला वर्षातून एक-दोनदा अगदी थोडं लावलंत तर हरकत नाही, पण स्वच्छता जास्त महत्त्वाची. भोकांचं लेदर असेल तर भोकांत भरू देऊ नका.

धुळीचा_रस्ता
डॅशबोर्डसाठी सगळ्यात चांगलं संरक्षण बाटलीत नाहीच, पुढच्या काचेला लावायचा सनशेड. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या आसपास जाऊ शकतो. पुढची काच लॅमिनेटेड असते, ती बरेचसे अतिनील किरण तशीही अडवते, पण उष्णता येतेच. प्लास्टिकमधले मऊ ठेवणारे घटक उडून काचेवर आतून धुरकट थर बसतो तो यामुळेच. काच पुसताना फडकं ओशट लागतं ना, तेच.

पानापक्कड
बाहेरच्या काळ्या प्लास्टिकचं कोणी बोललं नाही. बंपरची पट्टी, आरशाखालचा भाग, चाकाच्या वरची पट्टी. ते राखाडी पडतं कारण उन्हाने वरचा थर खडूसारखा सुटतो. तिथे तीन मार्ग. साधं ड्रेसिंग, दोन-चार पावसांत जातं. रंगवणारं रिस्टोरर, बरंच टिकतं पण हाताला-पेंटला लागलं की निघता निघत नाही, आजूबाजूला टेप लावा. आणि सिलिका कोटिंग, व्यवस्थित लावलं तर बरेच महिने जातं, पण आधी अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडं करायला हवं नाहीतर पट्टे उठतात. हीट गनने प्लास्टिक तापवून काळं करायची युक्ती दाखवतात, काळं होतं खरं पण काही महिन्यांत परत फिकं, आणि जरा जास्त वेळ धरलं की प्लास्टिक वितळतं.

पेंटचं वॅक्स या प्लास्टिकवर लागू देऊ नका, सुकून पांढरं होऊन दाण्यांत बसतं. दाराच्या रबरी बीडिंगला पेट्रोलियम जेली नको, ते बहुतेक ईपीडीएम रबर असतं, तेलाने फुगतं. सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा.

रविवारची_गाडी
मग सगळ्यांनी मिळून एक सांगा ना, कमीत कमी किती बाटल्यांत भागेल?

काजळी
माझ्याकडे दोनच आहेत. एक ऑल पर्पज क्लीनर, टायरला घट्ट आणि आत पातळ करून. दुसरं पाण्यातलं, मॅट सुकणारं प्रोटेक्टंट, जे रबर, प्लास्टिक, व्हिनाइल तिन्हीला चालतं. ३०३ एरोस्पेस प्रोटेक्टंट किंवा कारप्रोचं पर्ल या जातीतलं. पर्ल पाणी घालून वेगवेगळ्या घट्टपणाने वापरता येतं, टायरला जास्त घट्ट, आत जास्त पातळ, प्रमाण बाटलीवर असतं. ३०३ लावलं की लगेच कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं, आपोआप सुकू दिलं तर ओघळ दिसतात, लोक इथेच चुकतात आणि मालाला नावं ठेवतात.

दुकानात उभं असाल आणि नाव ओळखीचं नसेल तर बाटलीच्या मागे बघा. पेट्रोलियम डिस्टिलेट लिहिलंय किंवा ज्वलनशील असल्याची खूण आहे का? असेल तर टायरसाठी मी खाली ठेवते.

दूरचा_प्रवासी
मंडळी, शनिवारी सकाळी बसलो होतो, आत्ता लिहितोय. पुढच्या डाव्या चाकाला सहा वेळा घासावं लागलं, पानापक्कड दादा तुमचे पाच पण कमी पडले! पहिला फेस अक्षरशः विटकरी. सहाव्या वेळी पांढरा आला आणि साइडवॉलवरची बारीक अक्षरं, जी मी कधी वाचलीच नव्हती, ती दिसायला लागली. तारीख पण बघितली, काजळीताई. चारपैकी तीन गाडीच्याच वयाचे आहेत आणि एक त्यापेक्षा दोन वर्षं जुना! गाडी मी वापरलेली घेतली होती, कधी बदलला असेल कोणास ठाऊक. त्याच टायरच्या बाजूला, काळा थर निघाल्यावर, रिमच्या जवळ केसासारख्या भेगा दिसल्यात, बोटाचं नख फिरवलं तर किंचित अडकतं. फोटो टाकू का? की सरळ बदलूनच घेऊ?

काजळी
नख अडकतंय म्हणता तर फोटोवर मत देणार नाही मी. टायरवाल्याकडे न्या, रिमवरून उतरवून आतून पण बघायला सांगा. तोपर्यंत हवा बरोबर ठेवा आणि त्या टायरवर लांबचा, वेगाचा प्रवास नको. आणि त्याला काही लावू नका, आहे तसा उघडा राहू दे.

दूरचा_प्रवासी
सोमवारी सकाळीच नेतो. बाकी तीन टायरला पण काही लावलं नाहीये अजून, असेच मंद काळे बरे दिसतायत. हँडल एकास दहाने दोनदा पुसलं, चिकटपणा निम्मा गेला. उरलेल्यासाठी उद्या खालच्या कोपऱ्यात अल्कोहोल लावून बघतो.